लोकसंख्येचे संक्रमण : एक देश, दोन कालखंड

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीतील एक विसंगती प्रथमदर्शनी खटकते. त्या वर्षी केरळमध्ये दर हजार लोकसंख्येमागे ७.० मृत्यू नोंदले गेले, तर बिहारमध्ये ५.४. केरळची आरोग्यव्यवस्था देशात अग्रगण्य मानली जाते. तेथील अर्भक मृत्युदर त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे अवघा ६ होता, बिहारमध्ये तो २७ होता. जन्मवेळच्या अपेक्षित आयुर्मानाचा विचार केला, तर २०१४-१८ या कालावधीत केरळ ७५.३ वर्षांवर होते आणि बिहार ६९.१ वर्षांवर. माणूस जेथे अधिक जगतो, तेथेच मृत्युदर अधिक कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो.

उत्तर आरोग्यसेवेत सापडत नाही, ते वयोरचनेत सापडते. केरळमध्ये वृद्धांचे प्रमाण अधिक आहे आणि मृत्यू मुख्यतः वृद्धापकाळी येतो. बिहारची लोकसंख्या तरुण आहे, त्यामुळे दर हजारी मृत्यू कमी भरतात. स्थूल मृत्युदर हा आकडा समाजाच्या आरोग्याइतकाच त्याच्या वयाविषयी बोलत असतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हे दर पाठ केले जातात, परंतु त्यांच्यामागील वयोरचना लक्षात न घेतल्यास निष्कर्ष नेमका उलटा निघण्याचा धोका असतो.

या एका उदाहरणात भारताच्या आजच्या लोकसंख्या प्रश्नाचे मर्म आहे. ‘लोक किती’ हा प्रश्न विसाव्या शतकाचा होता. एकविसाव्या शतकात ‘कोणत्या वयाचे लोक, कोणत्या प्रदेशात’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे. एकाच राज्यघटनेखाली, एकाच बाजारपेठेत आणि एकाच संसदेत प्रतिनिधित्व असलेले प्रदेश लोकसंख्येच्या दृष्टीने दोन वेगळ्या कालखंडांत वावरत आहेत.

महाविभाजक वर्ष

युरोपातील अनुभवावरून वॉरेन थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये आणि पुढे फ्रँक नोटस्टीन यांनी १९४५ मध्ये लोकसंख्या संक्रमणाची मांडणी केली. जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही उच्च असलेल्या अवस्थेतून समाज दोन्ही दर नीचांकी असलेल्या अवस्थेकडे जातो. मात्र या वाटचालीत मृत्युदर आधी घसरतो आणि जन्मदर बराच नंतर. या दोहोंमधील अंतराच्या काळात लोकसंख्येचा विस्फोट होतो. लोकांनी अचानक अधिक मुले जन्माला घातल्यामुळे लोकसंख्या वाढते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. जन्मलेली मुले पूर्वीप्रमाणे दगावत नाहीत, हे वाढीचे खरे कारण असते.

भारतात हे स्पष्ट दिसते. १९०१ मध्ये सुमारे २३.८ कोटी असलेली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२ कोटी झाली आणि १९२१ मध्ये किंचित घटून २५.१ कोटींवर आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ, १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेला आणि देशभर पसरलेला प्लेग, तसेच १९१८-१९ ची इन्फ्लुएन्झाची साथ या आपत्तींनी जन्मांची बेरीज पुसून टाकली होती. एकट्या इन्फ्लुएन्झाने एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९२१ नंतरच्या एकाही जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली नाही. म्हणूनच त्या वर्षाला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर मृत्युदराची घसरण वेगाने झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी मलेरियाचे सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने एका तपात हे चित्र पालटले. देवी, प्लेग आणि पटकी यांची दहशत ओसरली, अन्नधान्याच्या वितरणामुळे दुष्काळाचे रूपांतर सामूहिक मृत्यूत होईनासे झाले. जन्मदर मात्र तेवढ्या त्वरेने उतरला नाही. परिणामी १९५१ ते १९६१ या दशकातील २१.६४ टक्के वाढ पुढच्या दशकात २४.८० टक्क्यांवर गेली. १९७१-८१ मध्ये ती २४.६६ टक्के होती. त्यानंतर उतार लागला. १९९१-२००१ मध्ये २१.५४ टक्के आणि २००१-२०११ मध्ये सुमारे १७.७ टक्के वाढ नोंदली गेली. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी भरली.

दोन मुले, तरीही वाढ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम आयुष्यात होणाऱ्या अपत्यांची सरासरी, ३.४ होता. तिसऱ्या फेरीत (२००५-०६) तो २.७, चौथ्या फेरीत (२०१५-१६) २.२ आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) २.० झाला. प्रतिस्थापन पातळी २.१ मानली जाते. आई-वडील या दोघांची जागा घेण्यास दोन अपत्ये पुरेशी असली, तरी काही मुली मातृवयापर्यंत पोहोचत नाहीत आणि जन्मतः मुलांची संख्या मुलींपेक्षा थोडी अधिक असते. वरचा दशांश त्यासाठी असतो. जेथे बालमृत्यू अधिक, तेथे हा आकडा २.१ हूनही वर असतो.

जननदर प्रतिस्थापन पातळीखाली गेला असेल, तर लोकसंख्या वाढते कशी? कल्पनेने एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजी-आजोबांना पाच अपत्ये झाली, त्या प्रत्येकाने विवाहानंतर दोनच अपत्यांवर थांबायचे ठरविले. तरी नातवंडे दहा झाली. त्या घरात वृद्ध केवळ दोन असल्याने नजीकच्या काळात होणारे मृत्यूही मोजकेच. जननदर निम्म्याहून खाली आला, पण घर भरतच गेले. मोठ्या संख्येने जन्मलेली पिढी स्वतः पालकांच्या वयात असेपर्यंत जन्म मृत्यूंपेक्षा अधिकच राहतात. यालाच लोकसंख्येचा संवेग म्हणतात. धावती आगगाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले. त्याच संस्थेच्या २०२४ च्या प्रक्षेपणानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १७० कोटींचा उच्चांक गाठेल आणि त्यानंतर उतरू लागेल. यातील बहुतांश वाढ संवेगाची असल्याने तिच्यावर सक्तीच्या उपायांचा परिणाम अत्यल्प होतो. ज्या स्त्रिया पुढील वीस वर्षांत माता होणार आहेत, त्यांतील बहुसंख्य आजच जन्मलेल्या आहेत.

धोरणाचा वळणावळणांचा मार्ग

संततिनियमनाचा विचार शासनाच्या आधी समाजसुधारकांनी केला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि त्यासाठी प्राध्यापकी गमावण्याची किंमत मोजली. १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाला शासकीय पाठबळ मागणारा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. चौदा वर्षांनी, १९५२ मध्ये, शासनपुरस्कृत कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला.

पुढे लक्ष्याधारित कार्यपद्धतीने जोर धरला आणि आणीबाणीत तिने सक्तीचे रूप घेतले. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते. त्या वर्षाची स्मृती इतकी खोल रुतली, की १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नावच ‘कुटुंब कल्याण’ असे बदलावे लागले. पुरुष नसबंदी तर त्यातून कधीच सावरली नाही. पाचव्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्त्री नसबंदीचा अवलंब केल्याचे आढळले, पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र ०.३ टक्के होते. सक्तीने मिळविलेल्या त्या आकड्याची फेड पुढील अर्धशतक स्त्रियांनी केली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

१९९४ च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्य आणि स्त्रीचा निर्णयाधिकार केंद्रस्थानी आणला. १९९६ मध्ये भारताने वरून लादलेली लक्ष्ये सोडून दिली. राष्ट्रीय लोकसंख्या धोरण, २००० ने २०१० पर्यंत प्रतिस्थापन पातळी आणि २०४५ पर्यंत स्थिर लोकसंख्या अशी उद्दिष्टे ठेवली. पहिले उद्दिष्ट सुमारे एका दशकाच्या विलंबाने साध्य झाले.

कोण आधी पोहोचले आणि का

केरळने प्रतिस्थापन पातळी १९८८ च्या सुमारास गाठली, तामिळनाडूने १९९३ च्या सुमारास. पाचव्या सर्वेक्षणात सिक्कीमचा जननदर १.१, गोव्याचा १.३, पश्चिम बंगालचा १.६, महाराष्ट्राचा १.७, केरळ व तामिळनाडूचा १.८ होता. उत्तर प्रदेश २.४ आणि बिहार ३.० वर होता.

केरळचे स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. त्रावणकोर संस्थानाने १८१७ मध्येच शिक्षणाची जबाबदारी राज्याची असल्याचे मान्य केले होते. मिशनरी शाळा, समाजसुधारणेच्या चळवळी, जमीन सुधारणा आणि गावोगावची आरोग्य केंद्रे यांनी उरलेले काम केले. २०११ मध्ये तेथील स्त्री साक्षरता ९२ टक्के होती, बिहारमध्ये ५१.५ टक्के. शिकलेली माता बाळाच्या जगण्याविषयी निश्चिंत होते आणि जगणाऱ्या दोन मुलांवर समाधान मानते. पाचव्या सर्वेक्षणात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, तर बारा वा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रियांचा १.८ आढळला. १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत डॉ. करण सिंह यांनी विकासालाच संततिनियमनाचे सर्वोत्तम साधन म्हटले होते, ते या अर्थाने. अर्थात केरळची कथाही सर्वस्वी शिक्षणाची नाही. १९७०-७१ मध्ये एर्नाकुलम येथे रोख व वस्तुरूप प्रोत्साहने देऊन प्रचंड नसबंदी शिबिरे भरविण्यात आली होती, हे विसरता येत नाही.

आंध्र प्रदेशाने तर हा सुबक सिद्धांत अडचणीत आणला. २००१ मध्ये तेथील स्त्री साक्षरता ५०.४ टक्के होती आणि मुलींचे विवाह लवकर होत असत, तरीही २००५-०६ मध्ये जननदर १.८ पर्यंत उतरला होता. लवकर विवाह, लागोपाठ दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आतच नसबंदी, हा तेथील अनेक स्त्रियांचा जीवनक्रम होता. पश्चिम बंगालमध्ये आजही असाच पेच दिसतो. पाचव्या सर्वेक्षणानुसार तेथे २० ते २४ वयोगटातील ४१.६ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. हे प्रमाण बिहारपेक्षाही (४०.८ टक्के) किंचित अधिक आहे. जननदर मात्र बिहारच्या जवळजवळ निम्मा. कमी जननदर म्हणजे स्त्रीचे सक्षमीकरण, हे समीकरण त्यामुळे तपासूनच घ्यावे लागते.

जननदराच्या घसरणीची आणखी एक किंमत मुलींनी चुकती केली. कुटुंब लहान हवे, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टातून शून्य ते सहा वयोगटातील लिंग गुणोत्तर १९९१ मधील ९४५ वरून २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये सुमारे ९१८ वर घसरले. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी २०११ मध्ये बीड जिल्ह्यात हे गुणोत्तर ८०७ होते.

बिहार स्थिर उभा आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. २००५-०६ मध्ये तेथील जननदर ४.० होता, २०१५-१६ मध्ये ३.४ आणि २०१९-२१ मध्ये ३.०. २००६ पासून नववीतील मुलींना सायकली मिळू लागल्या आणि माध्यमिक शाळांतील त्यांची उपस्थिती वाढली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ घरोघरी पोहोचल्या. २०१६ मध्ये जननदर तीन वा त्याहून अधिक असलेल्या सात राज्यांतील १४६ जिल्ह्यांसाठी मिशन परिवार विकास सुरू झाले. दिशा तीच आहे, प्रारंभ तेवढा उशिरा झाला.

संधीची खिडकी आणि तिची मुदत

जननदर घटल्यावर काही दशके समाजाला एक सवलत लाभते. मुलांची संख्या कमी झालेली असते आणि वृद्धांची अजून वाढलेली नसते. कमावत्या वयाचे हात अधिक, त्यांच्यावर अवलंबून असणारे कमी. या लोकसंख्याशास्त्रीय लाभांशाचा पूर्व आशियातील देशांनी शिक्षण आणि कारखानदारीच्या बळावर पुरेपूर उपयोग केला. हा लाभांश आपोआप खात्यात जमा होत नाही. तरुणांना कौशल्य आणि रोजगार मिळाला, स्त्रिया अर्थार्जनात उतरल्या, तरच तो पदरात पडतो. अन्यथा तीच तरुणाई बेरोजगारांच्या रांगेत दिसते.

भारतात ही खिडकी सर्वत्र एकाच वेळी उघडलेली नाही आणि एकाच वेळी मिटणारही नाही. केरळ आणि तामिळनाडूत ती मिटू लागली आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशात ती आता कोठे पुरती उघडत आहे. २०११ मध्ये देशात साठीपलीकडचे लोक १०.४ कोटी, म्हणजे ८.६ टक्के होते. केरळमध्ये हे प्रमाण १२.६ टक्के होते. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रक्षेपणांनुसार २०३६ पर्यंत केरळमध्ये पाचांतील एकाहून अधिक व्यक्ती साठी ओलांडलेली असेल, तर बिहारमध्ये साधारण नवांतील एक.

वृद्धत्वाचा हा वेगही ध्यानात घेण्याजोगा आहे. पासष्टीपलीकडील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली, जपानला पाव शतक. निवृत्तिवेतन, शुश्रूषा आणि दीर्घ आजारांवरील उपचार या व्यवस्था उभारण्यास फ्रान्सला मिळालेला अवधी भारतीय राज्यांना मिळणार नाही. केरळने २००८ मध्ये, देशात सर्वप्रथम, वेदनाशामक परिचर्येचे धोरण स्वीकारले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी गृहभेटींची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपविली. याउलट राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमांतर्गत वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये असा ठरला होता. या रकमेत महिन्याचे औषधही येत नाही.

माणसे जेथे कमी पडतात

एका प्रदेशात हात कमी आणि दुसऱ्यात अधिक, अशी स्थिती असली की माणसे चालू लागतात. २०११ च्या जनगणनेत केरळमधील पथनमथिट्टा आणि इडुक्की या जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. महाराष्ट्रात रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांचीही घटली, परंतु तेथील मुख्य कारण मुंबई-पुण्याकडील स्थलांतराची जुनी परंपरा हे होय. केरळमधील लोकही आखाती देशांत गेले, आणि त्यांच्या जागी बंगाल, आसाम, ओडिशा व बिहारमधील कामगार आले. केरळमधील गुलाटी वित्त व करआकारणी संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासाने राज्यातील अशा कामगारांची संख्या सुमारे २५ लाख असल्याचा अंदाज वर्तविला. राज्य शासनाने त्यांना ‘अतिथी कामगार’ असे नाव दिले.

ज्या एर्नाकुलम जिल्ह्यात कधीकाळी जन्म रोखण्यासाठी शिबिरे भरली, तेथेच २०१७ मध्ये ‘रोशनी’ हा उपक्रम सुरू झाला. स्थलांतरित कामगारांच्या मुलांना मल्याळम शिकविणे आणि शाळेत टिकवून ठेवणे, हा त्याचा उद्देश. स्थानिक मुले घटल्याने पट कमी झालेल्या सरकारी शाळांना या मुलांची गरज होती. मुलांना शाळेची होतीच.

हे परस्परावलंबन किती नाजूक आहे, ते मार्च २०२० मधील टाळेबंदीने दाखवून दिले. लक्षावधी कामगार पायी आपल्या गावाकडे निघाले, कारण जेथे ते श्रम करीत होते तेथे त्यांची शिधापत्रिका चालत नव्हती आणि मतदार यादीत त्यांचे नाव नव्हते. ‘एक राष्ट्र, एक शिधापत्रिका’ योजनेची अंमलबजावणी त्यानंतर देशभर झाली. मताधिकाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

लोकसभेतील जागांचे त्रैराशिक

संक्रमणातील अंतराचा सर्वाधिक संवेदनशील परिणाम प्रतिनिधित्वावर होतो. राज्यघटनेच्या ८१ व्या अनुच्छेदानुसार लोकसभेतील जागा आणि लोकसंख्या यांचे गुणोत्तर सर्व राज्यांत शक्यतो समान असावे. परंतु या नियमाने लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा घटल्या असत्या. म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. मधल्या काळात मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, राज्यांच्या जागा बदलल्या नाहीत.

गोठविण्याच्या वेळी राज्याराज्यांत फरक जवळजवळ नव्हताच. १९७१ च्या लोकसंख्येनुसार अविभाजित उत्तर प्रदेशात (८५ जागा) आणि अविभाजित बिहारमध्ये (५४ जागा) एका खासदारामागे सुमारे १०.४ लाख लोक होते, तामिळनाडूत (३९ जागा) १०.६ लाख आणि केरळमध्ये (२० जागा) १०.७ लाख. २०११ मध्ये हेच प्रमाण केरळमध्ये १६.७ लाख, तामिळनाडूत १८.५ लाख, महाराष्ट्रात २३.४ लाख, उत्तर प्रदेशात २५ लाख, बिहारमध्ये २६ लाख आणि राजस्थानात २७.४ लाख झाले. चाळीस वर्षांतील संक्रमणाची दरी या एका त्रैराशिकात सामावलेली आहे.

येथे दोन न्याय्य दावे समोरासमोर येतात. बिहारमधील नागरिकाच्या मताचे वजन केरळमधील नागरिकाच्या मतापेक्षा कमी का असावे, या प्रश्नाला लोकशाहीत समाधानकारक उत्तर नाही. राष्ट्रीय धोरण निष्ठेने राबविल्याबद्दल केरळ वा तामिळनाडूने संसदेतील आवाज गमवावा काय, या प्रश्नालाही नाही. वित्त आयोगाला हाच पेच पैशाच्या संदर्भात पडला. चौदाव्या वित्त आयोगाने करवाटपाच्या सूत्रात १९७१ च्या लोकसंख्येला १७.५ टक्के आणि २०११ च्या लोकसंख्येला १० टक्के भार दिला होता. पंधराव्या आयोगाने १९७१ चा निकष वगळून २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार दिला आणि जननदर कमी करणाऱ्या राज्यांसाठी ‘लोकसंख्याविषयक कामगिरी’ हा १२.५ टक्के भाराचा वेगळा निकष जोडला. पैशाच्या बाबतीत अशी तडजोड शक्य असते, कारण वाटा अपूर्णांकात देता येतो. मताची वाटणी अशी करता येत नाही.

राज्यांची भाषाही दरम्यान बदलली. आंध्र प्रदेशाने १९९४ मध्ये दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांसाठी अपात्र ठरविले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच राज्याच्या विधानसभेने ती अट रद्द केली. वृद्धत्व आणि घटता जननदर ही कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली. तीन दशकांत एका राज्याला दोन मुलांची सीमा ओझे वाटू लागली.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली. जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित केला, बर्फाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. भारतीय जनगणनेच्या रूढ पद्धतीनुसार गणनेच्या संपूर्ण कालावधीत जी व्यक्ती आपल्या नेहमीच्या निवासापासून दूर असते, तिची नोंद ती जेथे आढळते तेथेच होते. एर्नाकुलममध्ये इमारतीच्या कामावर असलेला बिहारचा कामगार त्यामुळे केरळच्या लोकसंख्येत मिळविला जातो. त्याची पत्नी, मुले आणि वृद्ध आई-वडील बिहारच्या लोकसंख्येत राहतात, आणि मतदार यादीतील त्याचे नाव बहुधा गावीच असते.